गाळ चाखणारे मामाजी

माझे सासरे गाळ खायचे. हे सांगितलं की लोक हसतात. मग मी म्हणते, अहो, खायचे म्हणजे चाखायचे, पण हसणारे हसतातच. पूर ओसरला की गावातली माणसं आपापली ढोरं, भिंती, कणग्या बघायला धावायची. आमचे मामाजी मात्र धोतर गुडघ्याच्या वर खोचून नदीकडं निघायचे, सुकत आलेल्या काठावरून बोटभर गाळ उचलायचे, जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग थुंकायचे आणि निकाल द्यायचे. "हा खडकी नाल्याचा हाये. पाटलाच्या वावरातला." नाहीतर, "हा आपला नोहे. पूर्णेचा हाये, डोंगरातला. पाह्य कसा कचकच करते दाताखाली." आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून मी तसंच म्हणणार. गाव त्यांना पूरवाला बुढा म्हणायचं, आणि म्हणे ते तिशीत होते तेव्हापासून म्हणायचं.

आमचं गाव पेढीच्या काठी, वलगावच्या बरंच खाली. तिथून तीन कोसांवर पेढी पूर्णेला मिळते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, पण आम्हा माळ्यांना त्या प्रांताशी काय करायचं होतं? आमची दुनिया म्हणजे वांगी, मिरच्या, झेंडू, सांभार (म्हणजे तुमची कोथिंबीर) आणि वलगावचा बाजार. उन्हाळ्यात नदीच्या रेतीत टरबुजं लावायची आणि पावसाळ्यात नदीकडं बघत बसायचं. बाकीचे भीतीनं बघायचे. मामाजी पाहुणा यायची वाट बघावी तसे बघायचे.

माझं माहेर अकोल्याकडं, मोर्णेच्या काठी. मला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या माहेरी अजून सांगतात. मुलीला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही मामाजींनी विचारलंच नाही. मी चौथी पास झाले होते, वडिलांना ते सांगायची मोठी हौस, तेही त्यांनी ऐकून घेतलं नाही. चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरी, मोर्णेले पूर आला त तुमच्या घरात पाणी कोणत्या दारानं येते?"

माझी आई तिकडं कपाळाला हात लावून बसली. मी आधीच फटकळ. म्हटलं, "मागच्या दारानं येते अन् पुढच्या दारानं जाते. जाताना घर झाडून नेते."

"मंग आधी मागच्या अंगणात येत असन?"

"नाही जी. आधी चुलीत येते. खालून पाझरते."

मामाजी उठले आणि म्हणाले, "पसंत हाये." नवरदेव बाजूला बसला होता, त्याला कोणी विचारलंही नाही. तो पुढं जन्मभर मला म्हणत राहिला, तुझं लग्न माझ्याशी नाही, माझ्या बापाच्या पुराशी लागलं.

सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी मामाजींनी मला गोठ्यात नेऊन त्यांचा खजिना दाखवला. गोठ्याच्या भिंतीला एक लांब फळी आणि फळीवर ओळीनं गाडगी. एका पुराचं एक गाडगं, आत त्या पुराचा गाळ. गाडग्यावर चुन्यानं एक बाई काढलेली, बाई म्हणजे काय, एक उभा ठोकळा आणि वर गोल डोकं. त्या बाईवरून एक आडवी रेघ. कुठं रेघ पायाशी, कुठं कमरेशी, कुठं गळ्याशी. मामाजींना लिहिता येत नव्हतं. पाणी किती चढलं हे ते असं रेघेनं लक्षात ठेवायचे, आणि कोणतं गाडगं कोणत्या सालचं हे त्यांना तोंडपाठ होतं. ही बाई म्हणजे आमच्या नदीकाठची आसरा. पाण्यातल्या देवी त्या, सात बहिणी. शेंदूर लावलेले सात दगड काठाच्या उतारावर ओळीनं मांडलेले असायचे; पाणी त्यांच्या अंगावर जिथवर चढलं, तिथं गाडग्यावर रेघ.

सगळ्यात पहिलं गाडगं मामाजींच्या वडिलांच्या हातचं. त्याच्यावरची रेघ बाईच्या कपाळावरून गेलेली. "याच्या वर पेढी कधी गेली नाही," मामाजी म्हणायचे. त्या गाडग्याला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

पाण्याच्या बाबतीत माणूस इतका काटेकोर की विचारू नका. त्यांचा मेहुणा एकदा बाजारात म्हणाला, "यंदा आमच्या गावात घुडघाभर पाणी होतं." मामाजी दुसऱ्या दिवशी पाच कोस चालत त्या गावाला गेले, भिंतीवरचा ओला डाग बघितला आणि मेहुण्याला म्हणाले, "हे पोटरीभर हाये. खोटं काहून बोलला?" मेहुणा म्हणाला, "पोटरी काय अन् घुडघा काय, भिजलो ना आमी?" झालं. दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद. दोन वर्षांनी मेहुण्यानं बहिणीच्या पाया पडून कबूल केलं की हो बाप्पा, पोटरीभर होतं, तेव्हा मामाजी त्याच्या घरी जेवले.

पुराचे ते दोन प्रकार करायचे. एक आपलं पाणी, एक उलटं पाणी. आपलं पाणी म्हणजे वरच्या वावरांतून, नाल्यांतून येणारं. ते आरडत-ओरडत येतं, काळंभोर असतं आणि जसं येतं तसं जातं. उलटं पाणी वेगळं. सातपुड्यात पाऊस झाला की पूर्णा फुगते, पेढीला आत घेत नाही, आणि मग पेढी मागं सरकायला लागते. आमच्या गावात ढगही नसायचा आणि पाणी चढत असायचं, मुक्यानं, तासातासाला वीतभर. "ओरडणाऱ्याले भिऊ नका," मामाजी म्हणायचे, "मुक्याले भ्या."

हे ओळखायची त्यांची रीत घरात भांडणं लावायची. नदी भरली की ते बागेतून ओंजळभर झेंडू तोडून काठावर जायचे आणि एकेक फूल पाण्यात सोडायचे. फूल खाली वाहत गेलं तर ठीक. फूल जागच्या जागी फिरायला लागलं तर पूर्णा दारात आली असं समजायचं. आणि फूल वरच्या अंगाला निघालं की गाव सोडायचं. सासूबाई दारात उभं राहून ओरडायच्या, "बाजाराची फुलं हायेत ते! नदी काय इकत घेऊन राहिली काय?" मामाजी म्हणायचे, "ती घेते तेव्हा इचारून घेत नाही." आणि अजून चार फुलं सोडायचे.

आपल्या पाण्यावर मात्र त्यांचा राग होता, आणि त्या रागापायी त्यांनी अर्धं गाव दुखावून ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या लहानपणी दोन वावरांच्या मध्ये धुरा असायचा, चांगला हातभर रुंद. त्यावर गवत, शिंदी, बाभळी. नाल्यांच्या दोन्ही अंगांना पडीत. पाऊस पडला की पाणी त्या गवतात अडत, थांबत यायचं, नदीला पोचायला त्याला दोन दिवस लागायचे. मग कापसाला दिवस आले. धामणगावला रेल्वेच्या वाघिणी भरभरून कापूस जाऊ लागला आणि प्रत्येकाला दोन ओळी जास्त पेरायच्या होत्या. धुरे फोडले, बाभळी तोडल्या, नाल्याच्या ओठापर्यंत नांगर नेला. "आता सकाळी पडलेलं पाणी दुपारी आपल्या चुलीत," मामाजी म्हणायचे, "अन् येताना अर्धं वावर घेऊन येते." जुन्या गाडग्यांतला गाळ भुरा होता, रेतीमिश्रित. नव्या गाडग्यांतला काळा कुळकुळीत, लोण्यासारखा मऊ. ते दोन्ही हातात दोन मुठी घेऊन कोणालाही दाखवायचे.

नुसतं दाखवून थांबले असते तर बरं. एका वर्षी त्यांनी टोपलीभर गाळ डोक्यावर घेतला, थेट पाटलाच्या ओसरीवर नेऊन ओतला आणि म्हणाले, "घ्या पाटील, तुमचं वावर माह्या बागेत आलं होतं. वापस आणलं." पाटलाच्या ओसरीवर पाहुणे बसलेले, त्यांना काही कळेना. पाटील त्या दिवसापासून आमच्या घराकडं मान वळवून बघत नव्हता. पण गंमत अशी की दुसऱ्या वर्षी त्यानं नाल्याकाठची चार हात जमीन न नांगरता सोडली. का सोडली ते कोणाला सांगितलं नाही. मग त्याचं बघून आणखी दोघांनी सोडली. मामाजी रोज संध्याकाळी त्या गवताकडं बघून यायचे, जसं काही त्यांनीच पेरलं होतं.

आता आसरांचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

आसरा बायकांच्या. पुरुषांनी त्यांच्याजवळ जायचं नाही, हात तर लावायचाच नाही. मामाजीसुद्धा पूर मोजायचे ते वरच्या दरडीवरून, लांबून. आमच्या माळीपुऱ्याची रीत अशी की पावसाळ्यात पुराच्या पहिल्या पाण्यानं आसरांचे पाय धुतले गेल्याशिवाय नवी भाजी बाजारात न्यायची नाही. पाय धुतले की सात सवाष्णींनी ओटी भरायची आणि मगच वांग्याला हात लावायचा. चांगल्या सालात अडचण नव्हती. पण ज्या साली पाऊस कमी, त्या साली पाणी आसरांपर्यंत यायचंच नाही. बागेत वांगी पिकून पिवळी पडायची, वलगावच्या बाजारात दुसऱ्यांचा माल विकून व्हायचा आणि आमच्या बायका काठावर डोळे लावून बसायच्या.

मग काय करायचं? माझ्या पहिल्याच कोरड्या वर्षी मला ते समजलं. एके दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "चाल." आम्ही सात जणी नदीवर गेलो. डोक्यावरून पदर घेऊन प्रत्येकीनं एकेक आसरा पदरात उचलली आणि उतारावरून चार पावलं खाली, पाण्याच्या कडेला नेऊन ठेवली. पाणी पायाला लागलं. ओटी भरली. येताना सगळ्यात मोठी जी होती ती म्हणाली, "आसरा चालत गेल्या." बाकीच्या म्हणाल्या, "चालत गेल्या." बस. घरी कोणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या वाट्याला तिसरी आसरा होती, तिच्या पाठीला एक टवका उडालेला, अजून बोटाला आठवतो.

खाली नेलेल्या आसरा परत वर आणायची रीत मात्र नव्हती. देवीला माघारी कोण फिरवणार? मी येऊन अकरा वर्षं झाली तोवर मी तीनदा तिसरी आसरा उचलली होती. माझ्या आधी सासूबाईंनी, त्यांच्या आधी त्यांच्या सासूनं. मला त्यात काही वाटलं नाही. वांगी विकली गेली, नवऱ्यानं बाजारातून बांगड्या आणल्या, मी खूश होते.

मग तो पूर आला. दुपारची वेळ, आभाळ अगदी कोरडं. मामाजी झेंडू घेऊन काठावर गेले होते. एकदम ओरडत माळीपुऱ्यात आले, "फूल वर चाललं! सोडा सगळं, वर पळा!" त्यांच्या ओरडण्याची गावाला सवय होती, पण त्या दिवशी आवाजच वेगळा होता. लेकरं, म्हाताऱ्या, ढोरं आणि मामाजींची गाडगी घेऊन सगळे देवळाच्या टेकाडावर गेलो. पाणी मुक्यानं चढलं. आसरांच्या उताराला लागून असलेल्या खालच्या आळीतली आमची घरं मातीची, पाया भिजला तशी संध्याकाळपर्यंत एकेक करून बसली. माणूस एकही गेलं नाही. माळीपुऱ्यातल्या बायका मामाजींच्या पाया पडल्या. ज्यांनी जन्मभर त्यांची टिंगल केली ते म्हणायला लागले, बुढा म्हणन ते खरं.

पाणी ओसरल्यावर मामाजींनी नव्या गाडग्यावर रेघ मारली. कपाळाशी. वडिलांच्या गाडग्याशेजारी ठेवून मला दाखवलं. "पाह्य सूनबाई. माह्या बापाच्या वेळी कपाळ, आज कपाळ. पेढीची धाव एवढीच हाये." इतका आनंदी माणूस मी पडक्या घरासमोर कधी पाहिला नव्हता.

आठ दिवसांनी तहसिलीतले नायबसाहेब आले. सरकारी पडीत जमिनीतून माळीपुऱ्याला घरांसाठी जागा द्यायची होती. जागा दोन होत्या. एक जवळची, बागांना लागून, आसरांच्या वरच्या अंगाला. दुसरी अर्ध्या कोसावरचं बरड, नुसता मुरूम, पाण्याचा थेंब नाही. माळ्यांना कोणती पाहिजे हे सांगायला नको. नायबसाहेबांनी विचारलं, जवळच्या जागेत पुराचं पाणी येतं का? सगळ्यांनी मामाजींकडं बोट दाखवलं. मामाजींनी दोन्ही गाडगी चावडीत नेली, रेघा दाखवल्या आणि म्हणाले, "आसरांच्या कपाळाच्या वर पेढी कधी गेली नाही साहेब. ही जागा चांगली दोन पुरुष वर हाये." साहेबांना ती गाडगी फार आवडली. म्हणाले, उद्या सकाळी येऊन आखणी करून देतो.

मी भिंतीशी उभी राहून ऐकत होते आणि मला आमची ती चार पावलं आठवली. मामाजींच्या वडिलांच्या वेळच्या आसरा कुठं होत्या?

सासूबाईंना मी बागेत गाठलं. त्या मिरच्या तोडत होत्या. मी विचारलं तशा थांबल्या, मग परत तोडायला लागल्या. "गप राह्य," म्हणाल्या. "हे बायकांचं हाये." मी ऐकेना. शेवटी त्यांनी हातानं दाखवलं. त्या नवी नवरी होत्या तेव्हा त्यांच्या सासूनं त्यांना आसरांची जुनी बैठक दाखवली होती. ती त्याच जवळच्या जागेत होती, मधोमध, तरवडाच्या झुडपात.

"मंग सांगा ना मामाजीले," मी म्हटलं. "घरं तिथंच बांधून राहिले."

"सांगून काय होईन? लोक म्हणतीन बायकांनी आसरा हलवल्या म्हणून पूर आला. पलीकडच्या गावात त्या बाईचं काय झालं माहीत हाये ना? देवी हलवल्याचा नुसता संशय होता. माहेरी धाडली, ते वापस आलीच नाही. इथं सात जणी हायेत." त्यांनी आणखी एक मिरची तोडली. "आमचं झालं व. तुह्या पदरात दोन लेकरं हायेत."

हे त्या खरंच बोलत होत्या, म्हणूनच मला त्यांचा राग आला. माझी दोन लेकरं त्याच जागेत झोपणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी गाडगी पुसत बसले होते. सासरी आल्यापासून मी सासऱ्याशी समोर उभं राहून कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, वांग्यांचं, कोरड्या वर्षांचं, चार चार पावलांचं. ते रागावतील, ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "दाखव."

मी त्यांना त्या जागेवर घेऊन गेले. तरवड बाजूला केला. खाली दगडाची बसकी बैठक, मातीनं अर्धी झाकलेली. मामाजींनी नखानं दगड खरवडला, बोट जिभेला लावलं आणि डोळे मिटले. मग थुंकले. "शेंदूर हाये," म्हणाले. आणि त्या बैठकीवरच बसले. तिथून खाली आसरा दिसत होत्या, चांगल्या लांब.

"तू किती वेळा उचलली?"

"तीनदा."

"आमच्या घरचीनं?"

मी मान खाली घातली.

त्यांनी खालच्या आसरांकडं एकदा बघितलं. मग जमिनीपासून हातभर उंच तळवा धरला. "म्हणजे माह्या बापाचं कपाळ इथं." उठले, बैठकीच्या चारी बाजूंनी फिरले, जिथं जिथं खुंट्या ठोकल्या जाणार होत्या तिथं तिथं बघत. "तीस वर्षं मी वरून पाहत होतो. एकदा जवळ येऊन पाहिलं असतं त कळलं असतं. चूक माहीच हाये." मला वाटलं होतं मी त्यांचं सगळं मोडलं. मोडलंच होतं. पण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं केलं सूनबाई. आता तू घरी जा अन् तोंड बंद ठेव."

मी घरी गेले नाही. चावडीच्या मागच्या भिंतीशी उभी राहिले. माळीपुऱ्यातल्या बाकीच्या बायकाही तिथंच होत्या, सासूबाईही.

नायबसाहेब नकाशा पसरून बसले होते. मामाजी उभे राहिले. "साहेब, त्या जागेत घरं बांधू नका. माह्या बापाच्या वेळी पाणी तिथवर आलं होतं."

"काल तर तुम्ही वेगळं सांगितलं."

"काल खोटं सांगतलं. आसरांची जागा हलली हाये. त्या वर होत्या, आता खाली आल्या."

नायबसाहेबांनी नकाशावरून मान वर केली. मग पाटील म्हणाला, "कोणं हलवल्या?"

माझ्या शेजारी सासूबाईंनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"म्या हलवल्या," मामाजी म्हणाले. "दरसाल थोड्या थोड्या. खाली नेल्या म्हणजे पाणी लवकर कपाळाले लागते. माह्या गाडग्यावर रेघ मोठी दिसावी म्हणून."

आणि गावानं ते मानलं, लगेच मानलं, याचाच मला अजून राग येतो. दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर चार प्रश्न विचारले असते. पूरवाल्या बुढ्यानं रेघेसाठी देवी हलवल्या, यात कोणाला नवल वाटलं नाही. पाटील मोठ्यानं हसला. "म्हणजे हे सारी गाडगी खोटी. अन् आमाले धुरा शिकवत होता." नायबसाहेब संतापले, पण माणूस शहाणा होता. त्यांनी जुनी बैठक दाखवायला सांगितली, स्वतः जाऊन शेंदूर पाहिला आणि बरडाची आखणी करून दिली.

त्याची किंमत मामाजींनी मोजली. पाटलानं पुढच्याच पेरणीला नाल्याकाठचं गवत नांगरलं, त्याच्या मागून बाकीच्या दोघांनी. काळ्या गाळाचं, धुऱ्यांचं ते जे बोलायचे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं, पण आता कोणी ऐकून घेईना. माळ्यांच्या बायका अर्ध्या कोसावरून पाणी वाहताना त्यांना शिव्या द्यायच्या, आणि त्यांत आसरा उचलणाऱ्या बाकीच्या पाच जणीही होत्या, कारण नाही दिल्या तर दिसून येईल. मामाजी रस्त्यानं जाताना हे ऐकायचे आणि पुढं जायचे. पुढं बरडावर विहिरीला पाणी लागलं, पण शिव्यांची सवय काही सुटली नाही.

त्यानंतर सहाव्या पावसाळ्यात पूर्णा अशी तुंबली की त्या जवळच्या जागेत माणसाच्या छातीइतकं पाणी उभं राहिलं, दोन दिवस. आम्ही बरडावरून बघत होतो. मामाजी तेव्हा नव्हते, आदल्या वर्षीच गेले होते. माझ्या शेजारी कोणीतरी म्हणालं, "बुढा खोटारडा होता, पण नशीब पाह्य आपलं." माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी जे झाकलं ते मीच उघडं केलं असतं. त्या सात जणींतली आता मी एकटी उरले आहे, म्हणून आज सांगते.

मला ते आठवतात ते मात्र वेगळ्याच दिवसाचे. पुरुषानं आसरांना हात लावला म्हणून गावानं त्यांना प्रायश्चित्त दिलं होतं. आसरा जुन्या बैठकीवर परत बसवायच्या आणि सात सवाष्णींना जेवू घालायचं, स्वतःच्या हातानं वाढून. बसवायचं काम बायकांचंच. आम्ही सात जणींनी आपापली आसरा उचलली, कोणाची कोणती हे कोणाला विचारावं लागलं नाही, आणि मग बरडावरच्या नव्या, अजून न सारवलेल्या अंगणात पत्रावळींपुढं येऊन बसलो. सासूबाई पंगतीच्या टोकाला. आमच्याकडं बाई पुरुषाच्या देखत जेवत नसे. सासूबाईंनी चाळीस वर्षांत नवऱ्यासमोर घास तोंडात घातला नव्हता.

मामाजी पोळ्या, वांग्याची भाजी, कढी घेऊन आले. पंगतीत कोणाची मान वर नव्हती. मी तर रडत होते. माझ्यापुढं आले तसे वाकून हळूच म्हणाले, "रडू नको सूनबाई. कढी आधीच पातळ हाये."

मग सासूबाईंच्या पुढं गेले. त्यांनी पत्रावळीला हात लावला नव्हता. खालच्या आवाजात, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काहून केलं तुमी असं? जन्मात पाण्याचं खोटं बोलले नाही."

"पाण्याचं आताबी खरंच बोललो," मामाजी म्हणाले. "पाणी कुठवर येते ते सांगतलं, ते खरं हाये. कोणं हलवल्या, तेवढंच खोटं. जेव तू."

सासूबाईंनी त्यांच्याकडं सरळ बघितलं. मग पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. ती पोळी संपली. मामाजी पुढं निघाले होते, त्यांना थांबवून म्हणाल्या, "अजून एक वाढा."